दोन घड्याळांची सहल

"चूल अजून विझवली न्हाई, पण भाकरी गार झाल्या बघा."

राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीत, रात्री साडेदहा वाजता, हे वाक्य ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चूक सगळी माझीच. दिवसभर कोल्हापुरात होतो. दुपारी तांबडा-पांढरा हाणला, त्यावर तासभर आडवा झालो, मग चपला बघितल्या, मग रंकाळ्यावर भेळ. 'दीड-दोन तासांचाच तर रस्ता' असं म्हणत रात्री आठला निघालो. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडलो, अंधारात वाडीचा फाटा चुकलो. ज्या काकूंकडे उतरायचं होतं त्या एरवी साडेआठला अंथरुणावर पडणाऱ्या. सकाळी चारला त्यांच्या म्हशीची धार असते. आमच्यासाठी त्या दोन तास उंबऱ्यावर बसून होत्या, आणि तक्रार अशी एकच, भाकरीची.

त्या रात्री एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. 'थोडं शहर, थोडं गाव' अशी सहल आखताना आपण नकाशा उघडून किलोमीटर मोजतो, पण सांभाळायची असतात ती दोन घड्याळं. शहराचा दिवस उशिरा उजाडतो आणि उशिरा मावळतो. गावाचा दिवस आपल्या अलार्मच्या आधी सुरू होतो आणि आपल्या चहाच्या वेळेला कलायला लागतो. दोन्हीकडे एकाच वेळापत्रकाने वागलं की एकीकडे तरी पाहुण्यांची भाकरी गार होते.

तीन दिवसांची अशी सहल कशी बेतावी हे या लेखात सांगतो. उदाहरण कोल्हापूरचंच घेतो, कारण ते माझ्या पायाखालचं आहे आणि या प्रकारच्या सहलीला त्यासारखी दुसरी जागा मला सापडलेली नाही.

जोडी जमली पाहिजे

पहिली पायरी जोडी निवडण्याची. शहर कुठलंही आणि गाव कुठलंही, अशी मोट बांधली तर दोन अर्धवट सहली होतात. दोघांमध्ये काहीतरी ये-जा करणारं असावं: पाणी, पीक, जनावर, कारागिरी. मग एका ठिकाणी पाहिलेली गोष्ट दुसरीकडे ओळखीची होऊन भेटते.

कोल्हापूर आणि राधानगरी ही अशी जोडी आहे. भोगावतीवरचं राधानगरी धरण राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाती घेतलं. गावाला नाव मिळालं त्यांच्या मुलीचं, राधाबाईंचं. जलाशयाला महाराजांच्या राणी लक्ष्मीबाईंच्या नावावरून लक्ष्मी तलाव म्हणतात. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की या धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, आणि पावसाळ्यात 'राधानगरीचा दरवाजा उघडला' ही बातमी जिल्हाभर पसरते. तिथून सुटलेली भोगावती खाली प्रयाग चिखलीपर्यंत कासारी, कुंभी आणि तुळशीला भेटते. पाचवी सरस्वती गुप्त, असं मानतात. तीच पंचगंगा होऊन कोल्हापूरच्या घाटाला लागते. वाटेत हे पाणी उसाला मिळतं, उसाचा गूळ होतो, गूळ शहरातल्या शाहू मार्केट यार्डात सौद्याला येतो. गावचं दूध शहरात, गावचा पैलवान शहरातल्या तालमीत. अशा जोडीत तुम्ही कुठेही उभे राहा, दुसरं टोक दिसत राहतं.

तुम्हाला कोल्हापूर लांब पडत असेल तर हीच कसोटी लावून आपल्या जवळची जोडी शोधा. पणजी आणि मांडवीतलं दिवाडी बेट यांना फेरीबोट जोडते. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर यांना गोदावरी जोडते. सावंतवाडी आणि भोवतालची खेडी लाकडी खेळणी आणि गंजिफा घडवणाऱ्या हातांनी बांधलेली आहेत. दुवा सापडला की यादीतली निम्मी ठिकाणं आपोआप गळतात, आणि ती गळणंच चांगलं.

आधी शहर की आधी गाव?

घरोघरी यावर वाद होतो. काही म्हणतात, आधी शहर उरकून टाकू, मग गावी निवांत. काही म्हणतात, आधी दमलेलं शरीर गावात सैल करू. माझं उत्तर भाकरीच्या घडीसारखं आहे: वर-खाली शहर, मध्ये गाव.

याला कारण निव्वळ सोयीचं. आगगाडी आणि लांबची एसटी तुम्हाला शहरातच सोडते आणि तिथूनच उचलते. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालात तर सकाळी न्याहारीच्या वेळेला कोल्हापुरात असता. ही सकाळ शहराला द्या. भर दुपारच्या आत गावाकडे निघा, म्हणजे उजेडात पोचता येतं. दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आत परत शहरात या आणि शेवटचा दिवस शहराला द्या. खरेदी शेवटी होते, म्हणून ओझं गावभर वागवावं लागत नाही. तिखट, तेलकट जेवणही शेवटी येतं, आणि पोट बिघडलंच तर स्वतःच्या घरी बिघडतं.

मोजमाप दिवसांनी करू नका, रात्री आणि पहाटांनी करा. दोन्ही ठिकाणी किमान एक रात्र आणि एक पहाट मिळाली पाहिजे. दुपारी गाव बघून संध्याकाळी परत आलात तर गाव बघितलं असं म्हणू नका. दुपारी गाव झोपलेलं किंवा रानात असतं.

एक युक्ती सांगतो. शहरातला शेवटच्या रात्रीचा लॉज सगळ्यात आधी ठरवा, आणि पहिल्या सकाळी तिथेच मोठी बॅग ठेवू देतील का ते फोनवर विचारून घ्या. बहुतेक जण ठेवू देतात. गावाला जाताना खांद्यावर एक पिशवी पुरते.

दिशा एकच धरा

कोल्हापूरच्या चारी अंगांना बघण्यासारखं आहे आणि तिथेच माणसं फसतात. सुमारे २० किलोमीटरवर पन्हाळा, त्याच बाजूला वाडी रत्नागिरीचा जोतिबा. नैर्ऋत्येला सुमारे ५५ किलोमीटरवर राधानगरी, पुढे दाजीपूरचं जंगल. पूर्वेला नृसिंहवाडीचा कृष्णा-पंचगंगा संगम आणि त्याच्याही पुढे खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. हे सगळं तीन दिवसांत कोंबलं तर खिडकीतून ऊस तेवढा दिसतो.

एका खेपेला एक दिशा. गड आणि इतिहासाची ओढ असेल तर पन्हाळा धरा. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून जुलै १६६०मध्ये शिवाजी महाराज राजदिंडीच्या वाटेने विशाळगडाकडे निसटले तो हा गड. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबारखान्याची धान्यकोठारं पायी बघायला अख्खी सकाळ लागते. जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे, त्यामुळे सुटीच्या दिवशी गर्दी धरूनच चला. शिल्पं आणि नदी आवडत असेल तर पूर्वेला जा. खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात ४८ खांबांच्या मधोमध छताला मोठं गोल मोकळं तोंड आहे, त्यातून थेट आभाळ दिसतं. शिवाचं देऊळ असून समोर नंदी नाही. तो कर्नाटकातल्या यडूरला आहे असं तिथे सांगतात.

आणि गाव, पाणी, जंगल हवं असेल तर राधानगरी. पुढची आखणी याच दिशेची आहे.

पहिला दिवस: मिसळ, माप आणि उजेडात मुक्काम

गुरुवारी रात्री निघा, शुक्रवारी सकाळी पोचा. रेल्वे स्थानक आणि मध्यवर्ती बसस्थानक एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. बॅग टाका, अंघोळ उरका, मिसळ खा. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड येतो, पुण्या-मुंबईचा लादी पाव नव्हे. वरून ओततात तो कट. सवय नसेल तर "कट कमी" असं आधीच सांगा. त्यात कमीपणा नाही, आणि दुपारी एसटीत बसायचं आहे हे विसरू नका.

अंबाबाईचं दर्शन या सकाळी घेऊ नका. शुक्रवार देवीचा वार, रांग मोठी. बाहेरून नमस्कार करा आणि दर्शन रविवारच्या पहाटेवर ठेवा. त्याऐवजी बिंदू चौकापासून भवानी मंडपापर्यंत रमतगमत चाला. हा सगळा भाग पायी फिरायचा आहे. स्वतःची गाडी आणली असेल तर बिंदू चौकाच्या वाहनतळावर लावून मोकळे व्हा, देवळाजवळच्या गल्लीत चाक घालू नका.

मंडपाजवळच्या चप्पल लाईनीत आज फक्त माप बघायचं. दोन-तीन दुकानांत पायात घालून चाला, भाव ऐका, पसंती सांगून ठेवा. पट्टा सैल-घट्ट करून हवा असेल तर तसं सांगा. विकत घ्यायची रविवारी. दोन दिवसांत डोकं थंड होतं आणि भावही.

बाराच्या आत गावाकडे निघायचं. शहरात मध्यवर्ती स्थानकाखेरीज रंकाळा आणि संभाजीनगर अशी आणखी एसटी स्थानकं आहेत. तुमच्या गावची गाडी कुठून सुटते हे आदल्या दिवशी मुक्कामाच्या मालकांनाच विचारा. गुगलपेक्षा त्यांना नक्की माहीत असतं, शेवटची मुक्कामी गाडी कधी येते तेही.

दुपारी तीनपर्यंत वाडीत पोचलात की काही करू नका. हे अवघड आहे, मला कबूल आहे. शहरातून आलेला माणूस चहा घेतल्याबरोबर विचारतो, "इथे बघण्यासारखं काय आहे?" त्यावर काकूंचं उत्तर, "बसा की जरा." ते ऐका. उन्हं उतरल्यावर फेजिवड्याला धरणाच्या बाजूला जा, पाणी बघा. आठला जेवण, नऊला अंथरूण. मोबाईलला रेंज नसली तर जास्तच छान झोप लागते.

दुसरा दिवस: गवा आणि गुऱ्हाळ

पहाटे उठायला अलार्म लागणार नाही. कोंबडा, धारेचा आवाज, बंबातल्या जळणाचा वास यांतलं काहीतरी उठवेल. न्याहारी बांधून घ्या आणि दाजीपूरला निघा.

दाजीपूरच्या गव्यांच्या अभयारण्याची घोषणा १९५८ची, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या अभयारण्यांपैकी हे एक. पुढे ते वाढून राधानगरी अभयारण्य झालं आणि २०१२मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आलं. गवा हा अंगापिंडाने प्रचंड प्राणी. 'बैलासारखाच दिसतो' म्हणून जवळ जाणाऱ्याला तो फरक समजावून सांगतो. गाडीतून उतरू नका, हॉर्न नको, भडक कपडे नकोत, आणि गाइड सोबत असेल तर त्याच्या एका बोटावर थांबा. गवा दिसेलच असं नाही. मान वर ठेवलीत तर शेकरू दिसण्याची शक्यता मोठी. लांब झुबकेदार शेपटीची ही तांबूस खार आपल्या राज्याचा प्राणी आहे. पावसाळ्यात जंगल बंद असतं आणि आठवड्याच्या सुटीचा वार बदलू शकतो, म्हणून आदल्या दिवशी वनखात्याच्या नाक्यावर किंवा मुक्कामाच्या मालकांकडून खात्री करून घ्या.

परत आल्यावर जेवण, वामकुक्षी, आणि दुपारी गुऱ्हाळ. या सहलीतला माझा सगळ्यात आवडता तास हाच. दिवाळीनंतर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गुऱ्हाळं चालतात. पूर्वीइतकी आता राहिली नाहीत. ऊस साखर कारखान्याला जातो, गुऱ्हाळावर राबणारी माणसं मिळत नाहीत. पण एखादं धुराडं वाटेत दिसतंच. चरकातून रस निघतो, भल्यामोठ्या काहिलीत पडतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं धडधडतात. रस उकळायला लागला की भेंडीच्या रानटी जातीचा चिकट रस त्यात घालतात, मळी वर येते आणि ती काढून टाकतात. पुढे सगळा खेळ गुळव्याच्या नजरेचा. काकवी केव्हा उतरवायची, गूळ केव्हा वाफ्यात ओतायचा, हे तो थेंब पाण्यात टाकून, बोटांत चोळून ठरवतो. दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तर अख्खी काहील वाया. तो त्या घाईत असताना प्रश्न विचारू नका, रस प्या आणि गप्प उभे राहा. गूळ वाफ्यात पडला की तोच मोकळा होऊन बोलायला लागतो.

काहिलीजवळ मुलांना हात धरून उभं करा. उकळत्या काकवीचा चटका पाण्याच्या चटक्याहून वाईट, ती अंगाला चिकटते.

आता घड्याळ बघा. चारला, फार तर साडेचारला गाव सोडायचं. गळीत हंगामात अंधार पडल्यावर या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, पुष्कळांना मागे दिवा नसतो. त्यात जंगलाच्या बाजूला गवे रस्ता ओलांडतात. माझ्यासारखं आठला निघू नका, कुठल्याही बाजूने.

तीच रात्र: शहरात

शहरात शिरलात की दुसरं घड्याळ सुरू. रंकाळ्यावर वारा खा, भेळ खा आणि अंधार पडल्यावर गंगावेशेतल्या दूध कट्ट्यावर जा. इथे म्हशी शहराच्या मध्यात येऊन उभ्या राहतात आणि धार काढून फेसाळ दूध पेल्यात हातात मिळतं. आज पहाटे गावात ऐकलेला धारेचा आवाज इथे दिव्यांच्या उजेडात ऐकू येतो. कच्चं दूध सगळ्यांना सोसत नाही. पोट नाजूक असेल, लहान मूल किंवा गरोदर बाई सोबत असेल तर तापवलेलंच घ्या. बघण्याचा आनंद तेवढाच असतो.

जेवण आज हलकं ठेवा. तांबडा-पांढरा उद्या दुपारी.

तिसरा दिवस: पहाट देवीची, दुपार रश्श्याची

रविवारी गर्दी असते, पण ती आठनंतरची. उजाडायच्या आत देवळात गेलात तर अंबाबाई निवांत भेटते. तिथून पंचगंगेच्या घाटावर या आणि पायरीवर दहा मिनिटं बसा. शुक्रवारी संध्याकाळी धरणावर पाहिलेलं पाणी इथे पायाशी आहे. मला हे दरवेळी नव्याने आवडतं.

तालीम बघायची इच्छा असेल तर तीही याच वेळेला. मात्र आधी परवानगी घ्या, चपला बाहेर काढा, आखाड्याच्या मातीत पाय टाकू नका, फोटो विचारल्याशिवाय नको. तालीम जमली नाही तर खासबाग मैदान बघा. शाहू महाराजांनी बांधलेलं हे कुस्तीचं मैदान १९१२चं. मध्ये आखाडा खाली आणि भोवती चढत गेलेली बसण्याची जागा, त्यामुळे शेवटच्या माणसालाही डाव दिसतो.

मग संग्रहालय एकच, दोन नाही. न्यू पॅलेस १८८४मध्ये पुरा झाला, तिथे शाहू महाराजांच्या काळातल्या वस्तू आहेत. टाऊन हॉलचं संग्रहालय लहान आहे, पण ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती तिथे बघायला मिळते. समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी हा देव कुठून आला, हा विचार मुलांच्या डोक्यात सोडून द्या आणि जेवायला चला.

तांबडा-पांढरा जेवताना एक क्रम पाळा: आधी पांढरा, मग तांबडा. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा, जिभेला तयार करतो. शाकाहारी मंडळींनी अख्खा मसूर आणि भाकरी मागवावी, काही बिघडत नाही. जेवणानंतर लॉजवर दोन तास पडायची सोय आधीच करून ठेवा. मग खरेदी, मग रात्रीची गाडी.

महिना बघून बेत

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचा. जंगल उघडं, गुऱ्हाळं चालू, हवा गार. याच काळात, जानेवारीच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत जातात. ते बघायचं असेल तर संध्याकाळचं वेळापत्रक त्याप्रमाणे फिरवा.

मेचा शेवट आणि जूनची सुरुवात काजव्यांची. राधानगरी परिसरात झाडंच्या झाडं लुकलुकतात. ज्याला टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवता येत नसेल त्याने जाऊ नये, त्याच्यामुळे बाकीच्यांनाही काही दिसत नाही आणि काजव्यांचाही खेळ मोडतो.

जुलै-ऑगस्ट हिरवा असतो, पण बेभरवशाचा. निघण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघायची सवय ठेवा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. इशाऱ्याच्या आसपास पाणी असेल तर बेत पुढे ढकला. २०१९ आणि २०२१च्या महापुरात महामार्गसुद्धा पाण्याखाली होता. नवरात्रात शहर आणि चैत्रातल्या यात्रेत जोतिबा गर्दीने फुललेले असतात. त्यासाठीच जायचं असेल तर जरूर जा, पण मग ती यात्रा म्हणून आखा.

गावच्या मुक्कामाला विचारायचे प्रश्न

फोटो बघून घर ठरवू नका. फोन करा आणि हे विचारा:

• डांबरी रस्ता दारापर्यंत आहे का, आणि शेवटची एसटी किती वाजता?
• झोपायला खाट की गादी? संडास घरात की अंगणात? (गुडघे दुखणाऱ्यांसाठी हा प्रश्न सगळ्यात आधी.)
• जेवायच्या वेळा काय? मटण हवं असेल तर कधी सांगावं लागतं?
• वीज जाते का, फोनला रेंज कुठल्या कंपनीची?
• त्या दिवसांत गावात जत्रा, लग्न किंवा आठवडा बाजार आहे का?

शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे. जत्रा असेल तर कुस्त्यांचं मैदान बघायला मिळेल, पण झोप मिळणार नाही. बाजार असेल तर बेत तासभर पुढे-मागे करून भाजीच्या पाट्यांमधून नक्की फिरा.

रोख पैसे, त्यातही सुट्या नोटा, जवळ ठेवा. पैसे यूपीआयने देता येतात, पण घाटात रेंजच नसेल तर कोड स्कॅन करून उपयोग काय? मुलांसाठी खाऊ न्यायचा तर चॉकलेटांचा डबा न्या, पण घरच्या माणसाला विचारून वाटा. आणि काकूंना पाहुणचाराचे पैसे देताना पाकिटात घालून द्या. हिशोब आधी ठरलेला असला तरी हातात नोटा मोजणं त्यांना अवघड वाटतं.

पिशवीत काय आणायचं

गूळ गुऱ्हाळावरच घ्या. एक किलोचे, अर्ध्या किलोचे रवे मिळतात. पिवळाधमक, चकचकीत गूळ दिसायला देखणा, पण रंग उजळायला रसायनं वापरलेली असू शकतात. थोडा तांबूस-काळसर गूळ चवीला खरा. वर्तमानपत्रात आणि मग प्लास्टिकमध्ये गुंडाळा. एकदा मी नुसताच पिशवीत टाकला आणि घरापर्यंत मुंग्यांची मिरवणूक नेली. काकवी न्यायची असेल तर बाटली काठोकाठ भरू नका.

चप्पल घेताना शिवण बघा. खऱ्या कोल्हापुरीला खिळे नसतात, कातड्याच्याच वादीने ती शिवलेली असते. वाकवून बघा, वास घेऊन बघा. कोल्हापुरी चपलेला २०१९पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. नवी चप्पल पहिले काही दिवस चावते. तेलाचं बोट फिरवा आणि घरात घालून फिरा. गाडीला जाताना ती पायात घालायचा मोह आवरा, स्टेशनचा जिना चढता चढता पश्चात्ताप होतो.

सोबत कोण आहे ते बघा

आजी-आजोबा बरोबर असतील तर दाजीपूर वगळा, धरण आणि गुऱ्हाळ पुरे. लहान मुलं असतील तर संग्रहालय वगळलं तरी चालेल, गुऱ्हाळ वगळू नका. एकट्याने जात असाल तर गावच्या मुक्कामाला पोचायची वेळ आणि एसटी घरी कुणाला तरी कळवून ठेवा. मित्रांचा घोळका असेल तर आणखी एक: गावात रात्री नऊनंतरचा आवाज कोसभर जातो. गाण्याचा स्पीकर शहरातच ठेवा, मोठ्या बॅगेत.

आणि यादीत शेवटी एक ओळ लिहून ठेवा, कारण ती माणसं हमखास विसरतात. गाव सोडताना काकू म्हणतील, "पोचल्यावर फोन करा." आपण ते निरोपाचं बोलणं समजतो. त्या मात्र तुमच्या फोनची वाट बघत असतात. म्हणून सोमवारी सकाळी दारात बॅग टेकवलीत की पहिला फोन त्यांना लावा, आणि बेधडक लावा. तुमच्या घड्याळात सहा वाजले असतील, त्यांच्यात केव्हाच उजाडलेलं असतं.